खंडेनवमीची विश्रांती

दमयंतीकाकू रस्त्यावरूनच हाक मारायच्या, "हनुमंता, जेवलास का?" कोल्हारच्या स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाइकासमोर मी मोठ्या रुबाबात काहीतरी समजावत असायचो आणि नेमकी ही हाक यायची. मला चीड यायची. "व्हय, व्हय," म्हणून मी मान फिरवायचो.

भाद्रपदात काकूंच्या घशात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. पितृपक्ष असूनही ते थांबायला तयार नव्हते.

काकूंचे यजमान शामकांतकाका साखर कारखान्यातले निवृत्त टंकलेखक. फोन साधा, बटणांचा. जुना लॅपटॉप काखोटीला मारून आले. "हिचा आवाज भरून ठेवायचाय रे. काहीही कर."

हार्डडिस्क मेली होती. नवी यायला आठवडा आणि ऑपरेशन पाच दिवसांवर. मी माझा लिनक्सचा पेन ड्राइव्ह खोचला आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करून दिला. असा चालवला की केलेलं सगळं तात्पुरत्या मेमरीत राहतं. लॅपटॉप बंद केला की पुसलं जातं. हे काकांना सांगायला हवं होतं. पण दुकानात गर्दी होती आणि माझी अक्कल शेण खायला गेली होती.

"काम झालं की नुसतं झाकण लावा, काका. चार्जर काढू नका. डिस्क आली की बघू," एवढंच म्हणालो.

चार संध्याकाळी काकांनी आवाज भरला. देवीची आरती, पुरणाची कृती, आणि काकांवर ओरडणं. "तेवढं मुद्दाम करायला लावलं," असं ते फोनवर हसत सांगत होते. मग दोघं नगरला दवाखान्यात गेले. डिस्क आली ती माझ्याकडे खोक्यातच पडून राहिली.

खंडेनवमीला काका वर्षानुवर्षं टाइपरायटरची पूजा करायचे. त्या दिवशी यंत्राला पूर्ण विश्रांती, हा त्यांचा नेम. काकू नुकत्याच घरी आल्या होत्या. यंदा पाटावर लॅपटॉप होता. सकाळीच काकांचा फोन आला.

"हनुमंता, झाकण लावलं तरी बारीक दिवा लुकलुकतोय. पूर्ण बंद कसा करायचा?"

मी पक्कड, पेचकस मांडून फुलं वाहत होतो. फोन खांद्यात धरून म्हणालो, "बटन दाबून धरा, काका. दिवा जाईस्तवर."

दसऱ्याला दोघं दुकानात आले. काकूंच्या गळ्याला रुमाल, हातात पाटी; काकांच्या काखोटीला लॅपटॉप. "फाइली दिसत नाहीत रे," काका म्हणाले.

मी लॅपटॉप सुरू केला. कोरा करकरीत. क्षणभर वाटलं, उद्या या म्हणावं, काहीतरी थाप मारावी. पण काकू माझ्याकडे बघत होत्या.

"गेलं, काका. मीच घालवलं. बंद केलं की पुसतं, ते मी सांगितलंच न्हाई."

"पण मी नीट बंद केला होता," काका म्हणाले. "तू सांगितलंस तसाच." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाजात राग नव्हताच.

मी खाली मान घालून उभा राहिलो. पाटीवर पेन्सिल वाजली. काकूंनी पाटी माझ्यासमोर धरली, पण डोळे भरल्यामुळे मला अक्षरं लागेनात. शेवटी काकांनी चष्मा सारखा केला आणि आपल्या घोगऱ्या आवाजात मोठ्यानं वाचलं,

"हनुमंता, जेवलास का?"