मुठीतला चिंचोका

चिंचोका गुळगुळीत होता, एका अंगानं थोडा चपटा, आणि बाकीचे सगळे सुपात ज्याच्या त्याच्या ढिगात पडले तरी हा एकच महादेवीच्या अंगठ्याखाली फिरत राहिला होता. टाकावा म्हणून तिनं दोनदा हात पुढं केला. बोटं उघडली नाहीत. म्हातारपणी बोटं ऐकत नाहीत म्हणतात लोक... ऐकतात की. माझी बोटं अजून सुईत दोरा ओवतात. ही ऐकत नव्हती ती दुसऱ्याच कशासाठी तरी.

अंगणात मांडवाचे खांब रोवून झाले होते. नातीची, वर्षाराणीची हळद परवावर आलेली. सकाळी न्याहारी उरकल्याबरोबर तिचा लेक शिवलिंग येऊन जवळ बसला होता — पन्नाशीचा बाप्या, पण काही लपवायचं असलं की अजून कानाची पाळी ओढतो.

"अव्वा, एक अंदाज सांगतीस का?"

"डाळीचा सांगितला, साखरेचा सांगितला, पत्रावळ्यांचा सांगितला. आता काय माझ्या मातीला किती माणूस येतंय त्याचा सांगू?"

"तसं न्हवं गं. हळदीदिवशी शेतातल्या आखाड्यावर... बाप्यांचं बसणं ऱ्हातंय की."

"बसणं! दारू म्हणाया लाज वाटायली?"

"हळू बोल की जरा."

"गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आन् शेतात बाटल्या. आन, आन. बसवण्णानं डोळे झाकून घेतलेत तुमच्यासाठी."

"देगलूरचे पाव्हणे येणार, अव्वा. कमी पडली तर जलमभर बोलतील, जास्त झाली तर तिथंच एकमेकाची टाळकी फोडतील. तुझा अंदाज चुकत न्हाई, म्हणून इचारायलो."

हे शेवटचं त्यानं आधी बोलायला हवं होतं, एवढा वेळ वाया गेला नसता. तिनं सूप ओढलं, कोपऱ्यातलं चिंचोक्यांचं गाडगं उपडं केलं. शाळेचं तोंड तिनं दोन पावसाळे पाहिलं असेल. पण उदगीरच्या अलीकडच्या चार गावांत कुणाचं कार्य निघालं की चुलवाण पेटण्याआधी माणसं तिच्याकडं यायची, आणि तिनं चिंचोके मांडले की आचारीसुद्धा गप्प उभा राहायचा. माणूस दिसलं की तिला त्याची भूक दिसायची. तोंडं मोजणारा फसतो, ती म्हणे, तोंडामागं पोट असतं आणि पोटामागं स्वभाव — हावरा लाजून कमी खातो, नि लाजरा अंधारात जाऊन तिसऱ्यांदा वाढून घेतो.

तर या वेळी माणसं किती खातात ते सोडून किती पितात ते मांडायचं होतं, एवढाच फरक. एका क्वार्टरला अख्खा चिंचोका, अर्ध्याला फुटका. तिनं मांडायला सुरुवात केली आणि शिवलिंग बघत राहिला. चंद्रप्पा, तिचा धाकटा दीर — "मी शिवत न्हाई वहिनी" म्हणतो, म्हणजे अख्खा आणि वर एक फुटका. वाजंत्र्याच्या गाडीवरची पोरं — यांना आधी जेवायला वाढा, मग अर्ध्यातच आडवी होतात. देगलूरचा नवरदेवाचा मामा, पाहणीच्या दिवशी बडीशेप मुठीनं खात होता... त्याला दोन.

"तुला कसं गं कळतंय हे समदं?" शिवलिंग हसून म्हणाला.

"तुझ्या बापाच्या घरात नांदले न्हवं का?"

तो हसायचा थांबला. बापाचं नाव या घरात वात, मधुमेह, नशीब अशा शब्दांच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि फडकं तीच कधी सोडत नसे. आज तिच्याच तोंडून सुटलं... कसं सुटलं? तिनं पुढचा चिंचोका उचलला. ह्यो कुणाचा, मनात म्हणाली, आणि हात आपसूक देगलूरच्या ढिगाकडं निघाला.

"नवरदेवाचा धरू नकोस बरं का," शिवलिंग म्हणाला. "मन्मथ घेत न्हाई. वासबी चालत न्हाई म्हणते त्याची आई."

हात तिथंच थांबला. तेव्हापासून थांबलेला.

शिवलिंग मंडपवाल्याशी बोलायला उठून गेला, ऊन पडवीची पायरी चढून आलं, आणि चिंचोका मुठीत घामेजला. मी कुणाचा म्हणून उचलला होता हा? नाव मनात यायच्या आधीच हात निघाला होता. असंच होतं नेहमी — आधी हाताला कळतं, मग मला; आणि हात कधी...

पाहणीचा दिवस. पौषातली सकाळ, देगलूरची माणसं सतरंजीवर बसलेली, वर्षाराणीनं चहाचा ट्रे पुढं केला. मन्मथनं कप उचलला — दोन्ही हातांनी. दोन्ही तळव्यांत धरून, मान खाली घालून, तीर्थ घ्यावं तसा. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. लिंगायताचं लेकरू हाय बघा, कुणीतरी म्हणालं, चहासुद्धा प्रसादावाणी घेतंय. आणि सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, कारण या घरात शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली होती, "पोरगं गुणाचं हाय." बस. तेवढ्यावर साखरपुडा झाला, तेवढ्यावर पत्रिका वाटल्या, तेवढ्यावर आज हे खांब उभे आहेत.

पण त्या कपाकडं आणखी एक बाई बघत होती. मन्मथची आई, कमलम्मा. सगळ्या नवरीकडं बघत होत्या तेव्हा ती कपाकडं बघत होती, कप ओठाला लागेपर्यंत, ओठापासून खाली येईपर्यंत, बशीत टेकेपर्यंत — आणि टेकल्यावर तिनं जो श्वास सोडला... तो श्वास महादेवीनं ऐकला होता. ऐकला, ओळखला, आणि ओळखलं नाही असं केलं.

तिचे यजमान गुरुपादप्पा सकाळी लिंगपूजेला बसायचे. डाव्या तळहातावर लिंग, आणि तळहात पाण्यावरच्या पानासारखा हलायचा. दिवस वर आल्यावर, दोन घोट पोटात गेल्यावर थांबायचा. मोंढ्यातल्या दुकानात तागडी धरायचे तेव्हा काटा जागचा हलत नसे. पण सकाळी कुणाच्या दारी चहा आला की पंचाईत. एकदा व्याह्यांपुढं सगळा धोतरावर सांडला. त्या रात्रीच तिनं त्यांना शिकवलं होतं, "दोन्ही हातानं धरा. हळू उचला, मान खाली घाला. लोकं म्हणतील, भक्ती हाय." आणि लोक म्हणाले. मेले तोवर म्हणत होते... मातीला आलेले जंगम स्वामीसुद्धा म्हणाले, फार श्रद्धेचा माणूस. तिनं पदर तोंडाला लावला होता. रडू दाबायला लावला असं सगळ्यांना वाटलं.

म्हणजे कमलम्मानंही शिकवलं असेल. अशाच एखाद्या रात्री, दार लावून. माझीच विद्या, देगलूरला जाऊन परत माझ्याच सतरंजीवर येऊन बसली.

...नाहीतर थंडी असेल. पौषच होता. परक्या घरात पोरगी बघायला आलेला पोरगा, हात कापले तर कापले. शिवलिंग पोरगी बघायला गेला तेव्हा त्याचे नव्हते कापले? नव्हते. उगं काहीतरी मनात आणायचं. एका कपावरून पोराला बाटलीत बुडवायचं म्हणजे पाप. आणि बोलून करणार काय? हळदीला दोन दिवस असताना मोडलं तर पोराचं काही जात नाही, पोरीच्या कपाळावर डाग बसतो. लोक विचारतील, म्हातारीनंच तर गुणाचं म्हटलं होतं. म्हातारीचा अंदाज... मला पोरीची काळजी पडलीय का माझ्या शब्दाची? सुपातले ढीग तिच्याकडं बघत होते. एकही तिच्या बाजूचा नव्हता.

आत स्वयंपाकघरात वर्षाराणी आईशी बोलत होती, फोन खाली ठेवून, जरा फुरंगटून. "सकाळी कवाच उचलत न्हाईत बघ. बारा वाजेपर्यंत नुसतं खेकसायला येतेत. आन् संध्याकाळी केला की इतकं गोड बोलतेत, इतकं गोड... सारखं तेच तेच बोलतेत, पर गोड." आणि हसली.

सकाळी खेकसणं, संध्याकाळी गोडी. मधली दुपार कशी असते ते या पोरीला अजून माहीत नाही. वर्षाराणी, हिचं नाव मीच ठेवलं होतं... संध्याकाळची गोडी किती वर्षं पुरते? त्याचा अंदाज मला विचारा. कुणी विचारलंच नाही कधी.

शिवलिंग परत आला, सुपाशी उकिडवा बसला, बोटानं ढीग मोजून ओठांतल्या ओठांत क्वार्टरचे बॉक्स करू लागला. "झालं न्हवं समदं? गाडी पाठवतो मग उदगीरला." मग त्याचं लक्ष तिच्या मुठीकडं गेलं. "ह्यो कुणाचा ऱ्हायला?"

तिनं मूठ पदराखाली घेतली.

"अव्वा? जादा धरलास का एखादा? असू दे, कोण ना कोण निघतंयच की पिणारा."

निघतंयच. तिनं त्याच्याकडं पाहिलं. कानाची पाळी ओढत नव्हता. याला खरंच काही माहीत नव्हतं. बापाच्या फडक्याची गाठ तिनं इतकी पक्की मारली होती की पोटच्या पोरालासुद्धा आतलं दिसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, माझा अंदाज चुकावा. लिंगावर हात ठेवून मागावं, की एवढा एक चुकू दे. पण हात रिकामा नव्हता.

"चहा घे, अव्वा," वर्षाराणी पुढ्यात आली. मेंदी अजून लावायची होती, हात कोरे होते.

महादेवीनं उजवा हात पुढं केला. कप बशीत किणकिणला. मग तिनं डावा हात लावला, मुठीतल्या चिंचोक्यासकट, आणि कप दोन्ही हातांनी ओठांकडं नेला, हळू, मान खाली घालून.

"बया!" वर्षाराणी टाळी वाजवून हसली. "अव्वा, तू बी त्यांच्यासारखाच कप धरायलीस की!"

शिवलिंगही हसला. दोघं हसत तिच्या तोंडाकडं बघत होते. चिंचोका कपाच्या आणि तळव्याच्या मध्ये रुतत होता. तोंडात चहाचा घोट होता, कढत, जीभ भाजणारा. तो गिळला की बोलावं लागणार होतं. तिनं तो तसाच धरून ठेवला.