मे महिन्यातला हिवाळा

मुख्याध्यापक ब्रॅडवेल यांचा फोन आला तेव्हा मी आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानावरचा बर्फ यंत्राने खरवडत होतो. हंगाम संपला की तो काढून मागे फेकतात, दोन ट्रक भरतात. ते ट्रक शाळेच्या पटांगणात रिकामे कर, म्हणाले. का, विचारलं तर म्हणे, "तुझ्या मावशीला हिवाळा हवाय."

सिग्नी मावशी शाळेत दर शुक्रवारी वारशाचा तास घेते. आजोबा आइसलँडचे, आजी इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीची, म्हणून अर्धा तास इकडचा, अर्धा तिकडचा. ओजिब्वे गोष्टी मात्र जमिनीवर बर्फ असेल तेव्हाच. त्या गोष्टींत ज्यांच्याविषयी बोलायचं ते सगळे प्राणी आणि आत्मे उन्हाळ्यात जागे असतात, ऐकतात. तेव्हा गोष्ट सांगितली तर सांगणाऱ्याच्या अंथरुणात बेडूक येतात. आमच्या गावात यावर कुणी वाद घालत नाही. ब्रॅडवेल गावचे नाहीत.

तास चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला विनिपेगहून शिक्षण खात्याचे तिघं येणार होते आणि त्यांना ओजिब्वे गोष्टच हवी होती. मावशीने दोनदा नाही सांगितलं. त्याऐवजी आइसलँडच्या भुताची सांगते म्हणाली. भूत मे महिन्यात चालतं, मग हे का चालत नाही, असं ब्रॅडवेलनी विचारलं.

"माझ्या वडिलांकडची भुतं रिकामटेकडी आहेत, सर. बोलवाल तेव्हा कॉफीला येतात. आईकडच्यांना रीतभात आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. दोन्ही ट्रक ओतून आलो. त्या बर्फात मैदानाच्या लाल-निळ्या रेघा होत्या आणि ढिगाच्या टोकावर, बर्फातच रंगवलेल्या नळदुरुस्तीच्या जाहिरातीतला माणूस अर्ध्या तोंडाने हसत होता. पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. अर्ध्या बाह्यांच्या पोरांना लोकरीचे हातमोजे घालून बसवलं होतं.

मावशी आली. आधी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं.

ब्रॅडवेल म्हणाले की बर्फ आहे, जमिनीवर आहे, सुरू करा. मावशीने मुलांना गप्प केलं आणि स्वतःही गप्प बसली. कुंपणापलीकडच्या चरात शेकडो बेडूक ओरडत होते. बऱ्याच वेळाने एका पाहुणीने अदबीने विचारलं, कशाची वाट बघताय?

"ते झोपायची. तुम्ही झोपवा, मी सांगते."

ब्रॅडवेलनी माझ्याकडे पाहिलं. त्यासाठीही माझ्याकडे एखादं यंत्र असेल, असं त्यांना वाटलं असावं.

आठ दिवसांनी पत्र आलं. तास बंद. कारण: शिक्षिका आपला वारसा इतरांना द्यायला तयार नाहीत. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे लिहिणाऱ्याचा हात कसा झडला नाही, असं मी ओरडलो. मावशी जाळं शिवत होती. ती म्हणाली, "मार्चमध्ये बर्फ लवकर गेला. तिसरीची गोष्ट अर्ध्यावर थांबवली होती. उरलेली येत्या हिवाळ्यात सांगणार होते."

म्हणजे तिसरीतल्या अठरा मुलांना एवढंच माहीत आहे, की सगळीकडे पाणी झालं आणि नवी जमीन करायला माती आणावी म्हणून पाणउंदराने तळाशी बुडी मारली. तो वर आला की नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.