शकूनं आईला सांगावं का

जांभळ्या वेणीची शकू: समोरून, बाजूनं, पाठमोरी, हवेत.

उरणच्या धक्क्यावर मोबाइलमध्ये टिपलेला भरतीचा आवाज. मध्येच कुणीतरी शिंकतं.

दातांच्या दवाखान्यातलं जुनं रजिस्टर. पुढे पेशंटची नावं, मागे राक्षस.

‘मी आता साधी शकू उरले नाही!’ नऊ वेळा खोडलेलं, दहाव्यांदा तसंच ठेवलेलं वाक्य.

हे सगळं मिळून एक गेम होता. खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या किशोरीनं तो दोन वर्षं, एक पेशंट आत गेला की दुसरा येईपर्यंत, असा जमवला होता. वाचत वाचत खेळायची गोष्ट. चित्र येतं, माणसं बोलतात, मध्येच प्रश्न येतो. उत्तर निवडाल तशी गोष्ट वळते. शकू दिवसा मासे विकते आणि कपाळाला शिंपला लावला की जादूची मुलगी होऊन खाडी गिळणाऱ्या राक्षसाशी लढते. गेम स्पर्धेला पाठवायची मुदत आज, रविवारी, संध्याकाळी सहापर्यंत होती.

पनवेलच्या बाजारात मासळी विकून दुपारी गंगाबाई घरी आल्या, तशी किशोरीनं आईला लॅपटॉपसमोर बसवलं.

“ही कोन? डोक्यावरची पाटी अशी धरतात व्हय? मान मोडंल तिची.”

“आये, वेणी बघ ना.”

“वेनी बरी हाय. पन गिऱ्हाइकासमोर इतकी हसली तर फुकट मागतील.”

पडद्यावर प्रश्न आला.

राक्षस खाडीत शिरला आहे. आईला सांगायचं?
▸ सांग
▸ सांगू नको

गंगाबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ‘सांग’वर बोट ठेवलं. पडदा काळा झाला. शिंपला फुटला. शकूची शक्ती गेली. गोष्ट संपली.

“काय झाला?”

“हरलीस. गुपित फोडलंस ना. परत खेळ.”

त्यांनी परत ‘सांग’ दाबलं. तिसऱ्यांदाही.

“आये, दुसरं दाब की गं!”

“नाय दाबनार. आयला सांगितला की पोर हरते, असा खेळ हाय तुझा?”

“जादूच्या मुलीच्या गोष्टीत असंच असतं.”

“माझी सुरमई नासकी निघाली तर मी बोलते का, सुरमई अशीच असते?”

तेवढ्यात चित्रं काढणाऱ्या रुचिराचा फोन आला. किशोरीनं तिला सगळं सांगितलं, ‘सांग’च्या पुढची गोष्ट बदलतेय म्हणाली.

“वेडी आहेस का? सहाला लिंक बंद होते. आत्ता पाठव, मग अपडेट कर.”

“मग नाही. परीक्षक आज पाठवलेलंच खेळणार.”

“आणि नाही झालं तर? दोन वर्षं गेली!”

“होईल. ठेव फोन.”

अडीच वाजले होते. ‘सांग’च्या पुढे अख्खा प्रसंग लिहायचा होता, आणि तिथंच किशोरी अडली. दोन वर्षांत तिनं शकूच्या आईचं चित्रच करून घेतलं नव्हतं. शकूची आई म्हणजे दारामागून येणारी हाक, तेवढीच.

“आये, शकूनं येऊन सांगितलं, तर तिची आई काय म्हणेल?”

गंगाबाई बोंबील साफ करत होत्या. हात थांबला.

“पयला विचारील, जेवलीस का.”

“मग?”

“मग पदर खोचील नि विचारील, कुठं हाय तो?”

किशोरीनं ते होतं तसं उतरवलं. पाठमोरी शकू, उघडं दार, दारात नुसता उजेड. चेहरा काढायला वेळ नव्हता. दोनदा गेम अडकला, दोनदा तिनं चूक शोधली. दवाखान्यातून दोन फोन आले, तिनं उचलले नाहीत. पाच बावन्नला गेम स्पर्धेला गेला.

मग गंगाबाईंनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि ‘सांग’ दाबलं. दार उघडलं. त्या मोठ्यानं वाचू लागल्या, “जे… व… लीस… का.”

किशोरीचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला चार दिवस करंजा गावी मावशीकडे ठेवलं होतं. पोरीला एवढ्यात काही सांगायचं नाही, हे गंगाबाईंनीच ठरवलं होतं.