कय्यूमचा जास्तीचा ठसा

मी नानवर नक्षी उठवणारा पिसांचा शिक्का बोलतोय. इस्तंबूलच्या या साऱ्या सेफाकोय वस्तीत माझ्याएवढा लिहिणारा दुसरा सापडायचा नाही. रोज तीनशे नानांवर माझं लिखाण उमटतं आणि सगळं इस्तंबूल ते हातोहात उचलतं! बरं, सगळं इस्तंबूल नाही, आमची एक गल्ली. आणि लिखाण म्हणजे नुसती टिंबं, पुढचं शिकलोच नाही. तीही लोक तासाभरात चहात बुडवून खातात.

माझा जन्म इथून हजारो कोस पूर्वेला, वाळवंटाकाठच्या कुचा गावचा. तिथं आमच्या आळीत एक महाभांडखोर कोंबडा होता. एके दिवशी त्यानं इमामसाहेबांच्या पोटरीला चोच मारली आणि तो थेट हंडीत गेला. नानवाल्या तोख्ती उस्तांनी, म्हणजे आमच्या उस्तादांनी, त्याची पिसं राखली, देठ सारखे कापले, दोऱ्यानं आवळून दोन शिक्के केले. एक मी, दुसरा माझा जुळा. भांडण उदंड असलं तरी पिसं मोजकीच होती, म्हणून दोघांच्याही कडेला एकेक देठ कमी पडला.

उस्तांनी मला थोरल्या मुलाला, सावूतला दिलं आणि जुळ्याला धाकट्या कय्यूमला. नानच्या मधोमध शिक्का एकदा टेकवला की काम झालं. पण कय्यूम एकदा टेकवायचा, मान तिरपी करून बघायचा, आणि नीट उठलाय की नाही अशी शंका येऊन पुन्हा टेकवायचा, जरा खाली, डावीकडे. ही शंका त्याला प्रत्येक नानला यायची!

"अरे, नान आहे ते!" उस्ता ओरडायचे. "कुणाचं दार आहे का, दोनदा ठोठावायला?"

मी तर फिदीफिदी हसायचो.

पुढे सावूत आणि त्याची मोठी बहीण हेलचेम, त्याची 'अचा', इस्तंबूलला आले. मी सामानातून आलो. कय्यूम बापाजवळ राहिला. आठ वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी त्याला 'शिकायला' म्हणून छावणीत नेलं. पस्तिशीच्या नानवाल्याला काय शिकवणार, हे मला अडाण्यालाही कळेना. मग चुलतभावाचा एकच निरोप आला, "इकडे फोन करू नका, आमच्यावर बेतेल." त्यानंतर शुकशुकाट. उस्ता गेले, तेही वर्षभरानं कुणाच्या तरी तोंडून कळलं.

तेव्हापासून दर शनिवारी हेलचेम आणि सावूत कय्यूमचा फोटो छातीशी धरून चौकात उभे राहतात. त्यांच्यासारखंच तिकडे आपलं माणूस हरवलेले आणखी तीसचाळीस जण असतात. बाकीचे दिवस हेलचेम फोनवर तिकडच्या बाजारांचे व्हिडिओ बघते. कुणी गातंय, कुणी खातंय. हिचं लक्ष मागच्या गर्दीतल्या चेहऱ्यांवर.

परवा तिनं फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता. कुणी टोपीवाला पाहुणा कुचाच्या बाजारात नान उंच धरून दाखवत होता. हेलचेम त्याच्या खांद्यामागे बघत होती, आणि मी नानकडे. कडेला एक टिंब कमी. मधोमध दोन ठसे, दुसरा जरा खाली, डावीकडे. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो! पण पिसाचा आवाज तो केवढा? नशीब, सावूतनं मला उचलता उचलता वर पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

"अचा, थांबव. मागे घे."

"कोण दिसलं?"

"कुणी नाही. नान बघ."

"दिवसभर नानच तर थापतोस. अजून हौस फिटली नाही?"

सावूतनं एक गोळा थापला, मला टेकवलं, मग कय्यूमसारखं जरा खाली, डावीकडे पुन्हा टेकवलं. तो नान त्यानं फोनशेजारी धरला. हेलचेमनं बोट ठेवून दोन्हीकडची टिंबं ताडून पाहिली.

"व्हिडिओ कधीचा आहे?" तिनं विचारलं.

"चार दिवसांपूर्वीचा."

"शिक्का काय, कुणीही उचलून नेईल."

"शिक्का नेईल गं. ही खोड कोण नेईल? बापाचा मार खाऊन गेली नाही ती!"

हेलचेम आधी खो खो हसली. मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून रडली.

आता मी म्हातारा झालोय. दोरा तीनदा बदललाय, दोन देठ चिरलेत. पण त्या दिवसापासून मी उठताबसता आभारच मानतो. त्या भांडखोर कोंबड्याचे. पुरेशी पिसं नसलेल्या उस्तांचे. आपण हातात काय धरलंय हे ज्याला ठाऊकही नाही, त्या टोपीवाल्याचे. आणि कय्यूमच्या खोडीचे तर किती मानू? जन्मभर हसलो रे तिला, माफ कर. तुम्हीही बाबांनो, नान तोडण्याआधी क्षणभर बघत चला. कुणाचा तरी हात असतो तिथं.

सावूतनं त्या दिवशीचे सगळे नान गल्लीत फुकट वाटले. परत आला तो स्टुलावर चढून भिंतीवरचा कय्यूमचा फोटो उतरवू लागला.

"अचा, आता शनिवारी चौकात उभं राहायला नको. आपला कय्यूम हरवलेला नाही!"

हेलचेमनं पिठाचे हात पुसले आणि फोटो त्याच्या हातातून काढून घेतला.

"हरवलेला नाही ना? मग लाव फोन, आणि बोलाव त्याला जेवायला."