जोडी फुटलेला अ‍ॅमीटर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅमीटर. काच पिवळी पडली आहे, पण काटा अजून ठणठणीत आहे बरं का! नरसी गावात वासिफभाईंच्या पिठाच्या गिरणीत, लाकडी बोर्डावर माझा संसार होता. शेजारी व्होल्टमीटर. विजेचा दाब किती ते तो सांगायचा, तारेतून प्रवाह किती वाहतो ते मी. जात्यात दाणे जास्त पडले की माझा काटा झपकन वर जायचा आणि वासिफभाई लगेच हात आवरायचे. काय दिवस होते ते!

गिरणी बंद झाली आणि आमची ताटातूट झाली. वासिफभाईंनी मला शाळेला दिलं. जोडीदाराला मात्र चांगुणाबाईंनी मागून नेलं आणि आपल्या चहाच्या टपरीत टांगलं. आमच्याकडे जो तो एकच विचारतो, "लाइन किती हाय?" दाब दोनशेच्या वर दिसला की माणसं मोटर चालू करायला शेताकडे पळतात. प्रवाहाचं कुणी नावही काढत नाही. मला राग यायचा. त्याहून जास्त त्याची आठवण यायची.

चांगुणाबाई विजेच्या शेगडीवर चहा करत. शेगडीची कॉइल तुटली की त्या जळका तुकडा काढून टाकत आणि उरलेली टोकं एकमेकांत अडकवत. असं करता करता कॉइल आखूड झाली आणि चहा लवकर उकळू लागला. बाई खूश! पण शेगडीची वायर हाताला चटका देऊ लागली. त्याच वायरीला खेटून त्यांची नात आरोही अभ्यासाला बसायची. ती भीत भीत सांगायची, पण लाइन बराबर दोनशे आहे, मग भ्यायचं काहून, असं बाईंचं उत्तर ठरलेलं.

शेवटी आरोहीनं माझ्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नाहिद मॅडमना सांगितलं. मॅडम मला पिशवीत घालून टपरीवर घेऊन आल्या. कितीतरी वर्षांनी दिसला तो! धुरानं काळवंडला होता बिचारा. मॅडमनी वीज बंद करून मला शेगडीच्या वायरीत जोडलं आणि मग बटण दाबलं. त्याचा काटा दोनशे व्होल्टवर, माझा आठ अँपिअरवर.

हिशेब मॅडमनी आरोहीकडूनच करून घेतला. दोनशेला आठनं भागलं, तर कॉइलचा रोध पंचवीस ओहम. नव्या कॉइलचा तो पन्नासच्या वर असतो; कॉइल आखूड झाली तसा रोध घटला आणि प्रवाह वाढला. दोनशेला आठनं गुणलं, तर शक्ती सोळाशे वॅट. शेगडीवर तर हजारच लिहिलं होतं.

"आजी, लाइन तीच हाय, पण शेगडी करंट लई ओढून राहिली," आरोही म्हणाली. "आपली वायर जळंल."

चांगुणाबाईंनी बटण बंद केलं. नातीला जवळ ओढलं. मग स्टुलावर चढून जोडीदाराला उतरवलं आणि पदरानं पुसलं.

"ह्या एकट्याकडं बघून मी बिनघोर ऱ्हायले. मॅडम, दोघांलाबी घेऊन जा. लेकरांला संगंच शिकवा."

बाईंनी नवी कॉइल आणि जाड वायर बसवली. आम्ही दोघं शाळेच्या एका कपाटात शेजारी शेजारी आलो. पुढे नाहिद मॅडमची बदली झाली आणि कपाटाला कुलूप लागलं.

मित्रांनो, तो माझ्या अगदी जवळ आहे. पण त्याला दाब नाही, मला प्रवाह नाही, मग आम्ही एकमेकांशी बोलायचं तरी काय? आम्हाला नुसतं जपून ठेवू नका. तुमच्या सरांना, मॅडमना सांगून एकदा दोघांना मिळून कामाला लावा. भागा, गुणा, तपासा. शून्यावर बसून फार दिवस झाले हो.