दाढ कमी असलेला कोळसून

मी एक म्हातारा कोळसून आहे, मित्रांनो. कुणी मला रानकुत्रा म्हणतात. म्हणा हवं तर, पण जरा दबक्या आवाजात म्हणा. माझा घात झाला तो मला कुत्रा समजल्यामुळेच.

माझा जन्म इकडचा नाही. दूरच्या सागवानी जंगलात आमची टोळी होती. अंग तांबूस, कान गोल, शेपूट झुबकेदार आणि काळी. आम्ही भुंकत नाही, शीळ घालतो. टोळी विरली तेव्हा मी जोडीण शोधायला निघालो आणि इतका चाललो, की माझी सावली दमून एका बाभळीखाली बसली. मला मागे जाऊन तिला आणावं लागलं. खोटं वाटतं ना? पुढचं खरं आहे, पण तेही तुम्हाला खोटंच वाटेल.

कपिलधारच्या डोंगराकडून एके सकाळी शीळ ऐकू आली. मादीची! तिच्यासोबत घर करायचं, पिल्लं वाढवायची, एवढंच माझ्या मनात होतं. मध्ये फक्त नेकनूरचा रस्ता होता. तिथेच अंगावर जाळं पडलं. भटकी कुत्री धरणारी गाडी त्या दिवशी गावात आली होती.

"आवळ बे अजिनाथ, लई चपळ हाय!" जाळं टाकणारा गहिनीनाथ भाच्यावर ओरडला.

"मामा, हे भुकत कावून न्हाई?"

"मुकं असंल."

मी जीव तोडून शीळ घातली.

"आरं, हे तर शिट्टी मारतंय!"

"तुझ्यासंगं कालिजात गेलतं वाटतं. टाक आत."

गाडीतल्या गावठी कुत्र्यांनी मला एकदाच हुंगलं आणि सगळी कोपऱ्यात दबून बसली. मी कोण ते त्यांना कळलं होतं. पण कुत्र्यांना विचारतो कोण?

जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर संगमेश्वर डॉक्टरांनी माझं तोंड उघडलं. भूल चढत होती, तरी त्यांचं बोलणं कानावर पडलं. "खालच्या जबड्यात मागची दाढच न्हाई. दोन्हीकडं न्हाई. म्हातारं झालंय, पडल्या असतील."

मित्रांनो, तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो!

शुद्धीवर आलो तेव्हा नसबंदी झाली होती आणि तिची खूण म्हणून डावा कान कातरलेला होता. धरलं तिथेच सोडायचं, हा नियम मात्र त्यांनी चोख पाळला.

मी तिच्याकडे गेलो. जावंच लागलं. शीळ थांबली नव्हती.

वर्षभराने रानातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सत्यशीलाबाई आल्या. त्यांनी झाडाला कॅमेरा बांधला आणि पुढच्या खेपेला संगमेश्वर डॉक्टरांनाच सोबत घेऊन आल्या. मी जवळच्या करवंदीच्या जाळीत पडून होतो.

"डॉक्टर, हा फोटो बघा! कोळसून, आपल्या बीड जिल्ह्यात!" बाईंनी मोबाइल पुढे धरला. "शास्त्रीय नाव क्युऑन अल्पायनस. म्हणजे उंच, बर्फाळ डोंगरातला. आधी पंडितांनी ह्याला कुत्र्या-लांडग्यांच्या प्रजातीत घातलं होतं. मग वेगळी प्रजाती केली. खालच्या जबड्यात दोन्हीकडं एकेक दाढ जन्मापासूनच कमी असते ना ह्याला."

बीडच्या उन्हात पाठ भाजून निघालेली, आणि नाव बर्फाच्या डोंगरांचं! मला हसू आलं. डॉक्टरांना नाही आलं. त्यांनी फोटो मोठा केला. बोट कानावर येऊन थांबलं.

"कान कशानं फाटला असेल हो?" बाईंनी विचारलं.

"भांडणात," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"जोडी आहे. हिवाळ्यात पिल्लं दिसतील बघा!"

डॉक्टरांनी मोबाइल त्यांच्या हातात परत ठेवला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती बीळ उकरते, ताजी माती बाहेर ढकलते आणि माझ्याकडे बघते. मी दुसरीकडे बघतो. बाई आशेने येतात, कॅमेरा तपासतात. त्यात आम्ही दोघंच असतो, दर साली जरा जास्त थकलेले.

मित्रांनो, अनोळखी जीव दारी आला तर आधी त्याला नीट पाहा, जाणत्यांना विचारा, आणि कळत नसेल तर 'कळत नाही' म्हणायला लाजू नका. जाळं आणि कात्री कुठे पळून जात नाहीत.

माझं नाव आता सगळे अचूक घेतात. ते लावायला मात्र माझ्यामागे कुणी नाही.