रडणारी तलवार आणि अप्पांच्या पिशव्या

रविवारी दुपारी ती पावाचं पीठ मळून बसली होती आणि ओव्हन तिच्या वडिलांनी, अप्पांनी, अडवला होता. आत कापडी पिशव्यांमधले गुलाबी दाणे तापत होते. अप्पा सांभाळत त्या संग्रहालयातल्या तलवारीच्या काचेच्या कपाटातला ओलावा पिऊन ते गुलाबी होत, तापवले की पुन्हा निळे. दर पंधरवड्याचा हा सोहळा.

"माझा नंबर नेहमी त्या गंजक्या तलवारीनंतर," ती म्हणाली.

"ती बोलत नाही ना बाळ. तिचं दुखणं मलाच ओळखावं लागतं. एकदा ये, शिकवतो."

"बघू."

सोमवारी अप्पा गेले. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आत्यानं ते बरोबर ध्यानात ठेवलं.

दोन महिन्यांनी संग्रहालयाच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "ताई, धावत या! तलवार रक्ताचे अश्रू ढाळतेय! आपल्या साहेबांसाठी!"

शाळेच्या सहली सोडल्या तर एरवी जिथे चिटपाखरू फिरकत नसे, तिथे आज रांग पार रस्त्यापर्यंत. आत कपाट सताड उघडं, पात्यावर लालसर थेंब, आणि शेजारी मौनी महाराज. नाव मौनी, पण जिभेला हाड नाही.

"लोखंडाला पाझर फुटला, भक्तहो! आत्मा तळमळतोय. माझं मंतरलेलं पाणी शिंपडा, अश्रू वाढतील!" शिंपडलं. दुसऱ्या दिवशी खरंच वाढले. थेंब टिपलेले कापसाचे बोळे वाटले जात होते. "उशाखाली ठेवा. गुडघे वाकतील, सून ऐकेल."

"माझा मुलगासुद्धा?" एक म्हातारी.

"त्याला दोन बोळे."

आत्या तिच्या कानाशी पुटपुटली, "लोखंड रडलं गं. पोटची पोर मात्र कोरडी."

ते लागलं. क्षणभर तिलाही वाटलं, असतील का अप्पा इथे? मग पात्याखाली पडलेला गंजाचा पापुद्रा दिसला. शेजारी अप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'क्रमांक ४१२. बुडालेल्या गलबतातून. कोरडी ठेवा.' अप्पांनी तीस वर्षं जपलेल्या तलवारीचा ही माणसं महिन्याभरात भुगा करणार होती.

"पिशव्या कुठायत?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"आहेत की. गुलाबी झाल्यात ताई, मला वाटलं ताज्या झाल्या!"

तिनं खणातून त्याच गलबताचा एक खिळा काढला आणि ओल्या कापसासकट बरणीत बंद केला. तलवार पुसली. पिशव्या घरी नेऊन तापवल्या, निळ्या झाल्यावर कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. "आठवड्यानं सगळे या."

"पापिणी, आत्म्याला कोंडतेस?" महाराज गरजले.

"कालच म्हणालात ना, आत्मा भिंतीतूनही जातो? मग काचेनं का अडेल?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

आठवड्यानं तलवार ठणठणीत कोरडी होती. बरणीतल्या खिळ्यावर मात्र लाल थेंबांची रांग.

"महाराज, हा खिळा कोणाच्या नावानं रडतोय?"

"सुताराच्या!" मागून आवाज आला आणि हशा पिकला.

"समुद्रात पडलेल्या लोखंडात खार मुरतो," ती सांगू लागली. "तो हवेतला ओलावा ओढतो, आणि गंज मिसळून लाल थेंब बाहेर येतात. दाणे ओलावा पितात तोवर तलवार टिकते. तुम्ही शिंपडलेलं पाणी म्हणजे तिला विषच. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, कालपर्यंत हे होत नव्हतं, मग आज काय बदललं? इथे पिशव्या तापवायच्या राहिल्या, बस. आणि रडायचंच असेल तर आपण रडू. लोखंडाला कशाला कामाला लावायचं?"

मौनी महाराजांनी त्या दिवशी प्रथमच नावाप्रमाणे वागून दाखवलं. मागच्या दारानं.

रविवारी तिनं पुन्हा पीठ मळलं आणि ओव्हनमध्ये आधी पिशव्या ठेवल्या. आत्या दारात उभी होती. दाणे हळूहळू निळे होऊ लागले तशी पिठाच्या हातांनीच ती ओव्हनच्या काचेपाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली,

"अप्पा, 'बघू' नव्हतं म्हणायचं मला. यायचं होतं. माझ्याकडे तुमचा नंबर पहिलाच होता."

आत्यानं तिचे डोळे पुसायला पदर पुढे केला.